वाटूरच्या भिंतीवरचे हात

अप्पारावाच्या ढाळजेत, म्होरल्या बैठकीत, पाय टाकला आन भुजंगची नजर सवयीनं आधी भिंतीवर गेली. फोटोवाल्याची खोडच तशी. दुसरे लोक परक्या घरात शिरले की माणसं बघतात, कणग्या बघतात, दावणीला बैल किती ते बघतात. हा भिंती बघतो. कोणाच्या घरात कितीजण गेले आन घरच्यांनी कोणाला किती थाटात टांगलं, हे त्याला भिंतीवरून कळतं.

समोर एकच फोटो होता. लाकडी चौकट, काच, चंदनाचा हार. खुर्चीवर बसलेली बाई. अंगावर जरीची पैठणी, डावा हात टेबलावर, हाताशी फुलदाणी.

भुजंग तिथंच थांबला.

"चल ना म्होरं," मागून पुंजारामनं, थोरल्या भावानं, ढोसलं. "दारातच काय उभा राह्यला नवरदेवावानी?"

भुजंग म्होरं गेला, सतरंजीवर टेकला. आज लेकीची, चंद्रकलाची, सुपारी फोडायची होती. पोरीला एकविसावं लागलं होतं, याच्या आधी दोन ठिकाणं मोडली होती. एकांनी सांगितलं, बापाला जमीन न्हाई. दुसऱ्यांनी काही सांगितलंच न्हाई, नुसतं येणं बंद केलं. हे तिसरं पुंजारामनं आणलं होतं. पोरगा कैलास, ह्याच अप्पारावाचा, जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात, पगार महिन्याच्या महिन्याला. पोरगा आल्ता तवा चंद्रकलानं चहाचा कप देताना एकदाच वर बघितलं होतं, आन घरी भांडी घासताना तीन दिवस गुणगुणत राह्यली. तेवढ्यावरून भुजंगच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, ओळखलं होतं, आता हे मोडता कामा नये.

आन भिंतीवर ही बाई बसलेली.

तोंड कोणाचं होतं ते भुजंगला आठवंना. धड मात्र त्याला अंधारात बी ओळखू आलं असतं. ते द्वारकाबाईचं होतं.

त्या काळी खेड्यातल्या बाईचा फोटो म्हंजी काय? कुठंतरी लग्नाच्या गर्दीत, मागल्या रांगेत, अर्धा पदर आन ज्वारीच्या दाण्याएवढं तोंड. बाई गेली की दहाव्याच्या आत घरचे तो कागद घेऊन मंठ्याला भुजंगच्या स्टुडिओत यायचे. "भुजंगराव, हिला एकटीला काढा. बसलेली. चांगल्या लुगड्यात." मंग भुजंग ते तोंड मोठं करायचा, कात्रीनं कापायचा आन एका बसलेल्या धडावर चिटकवायचा. मानेचा जोड बुरशानं रंग मारून झाकायचा, पेन्सिलीनं गळ्याखाली सावली द्यायचा, आन त्या सगळ्याचा परत एक फोटो घ्यायचा. जोड दिसायचा न्हाई. जल्मात एक बरं लुगडं न नेसलेली बाई पैठणी नेसून भिंतीवर बसायची. घरचे बघून रडायचे. भुजंगला वाटायचं, आपण पुण्य करून राह्यलो.

असलं काम असलं की तो दुपारी नुसती दूध-भाकर खायचा. एरवी खाण्याचा लई नखरा. येसराची आमटी त्याला झणझणीत लागायची, वर तेलाचा तवंग पाहिजे, भाकर कडक पाहिजे. लग्नात बुंदी खाऊन आला की रात्रीला ठेचा मागायचा. पण मेलेल्या बाईला मान जोडली त्या दिवशी आमटी नको म्हणायचा. द्वारकाबाईला इतकंच माहीत, की दूध-भाकर मागितली म्हंजी आज कोणाची तरी बाई गेली. धड कोणाचं, हे तिनं कधी विचारलं न्हाई. आन त्यानं सांगितलं न्हाई.

त्र्याऐंशीची दिवाळी होती. स्टुडिओ टाकून दोन वर्षं झाल्ती. शेजारच्या कापडाच्या दुकानातल्या दीपचंदशेठच्या संतोषबाईनं आपली पैठणी एक दिवसासाठी दिली होती. द्वारकाबाई नेसून आली, खुर्चीवर बसली, आन घंटाभर तिनं श्वास बी जपून घेतला. आठ दिवसांनी तिनं विचारलं, "अवो, माझा फोटो?"

"फिलीम खराब झाली," भुजंग म्हणला. "आत उजेड शिरला."

"जाऊ द्या," ती म्हणली. "साडी लोकाची होती, फोटो बी लोकावानी गेला."

खोटं बोलायला कारण होतं. त्याच आठवड्यात एक म्हातारा बायकोचं तोंड घेऊन आल्ता, आन बसलेलं बाईचं धड स्टुडिओत दुसरं नव्हतं. एकदा झालं, मंग होतच राह्यलं. आन तिचा फोटो घरात टांगला असता तर येणाऱ्या गिऱ्हाइकानं ओळखलंच असतं, की ही साडी, ही फुलदाणी तर आमच्या आईची. चौदा वर्षं झाली. साठ-सत्तर घरांत तरी ती बसली असंल. द्वारकाबाईचं तोंड त्यानं परत काढलं ते मतदानाच्या कार्डावर, दोन वर्षांमागं, चारशे लोकांच्या रांगेत, तेही "हां, पुढं चला" म्हणून.

"घ्या इवाई, सुशीला घ्या," अप्पारावनं ताटली पुढं सारली. साठीचा माणूस, किडकिडीत, बोलताना समोरच्याच्या गुडघ्याला हात लावायची सवय. "माझ्या बहिणीनं केला. तुम्हाला आवडतो म्हणून कळलं होतं."

मुरमुरे बराबर भिजलेले, शेंगदाणे खरपूस, वर कोथमीर. एरवी भुजंगनं दोन ताटल्या हाणल्या असत्या. आज एक घास गालातच फिरत राह्यला.

"तो फोटो," त्यानं न राहवून विचारलं, "कुठून..."

"आता तुम्ही विचारताव!" अप्पाराव हसला. "तुमच्या मंठ्याहूनच आणल्ता, माझ्या मेव्हण्यानं. शहाऐंशीला. म्हंजी तुमच्याच हातचा असंल. बघा, योग कसा असतो." आन त्यानं बसल्या जागी हात जोडले. "लई उपकार हेत तुमचे. पुष्पा गेली तवा तिचा एक फोटो नव्हता आमच्याकडं. माहेरपणाला आली तवा काढल्ता, म्हणला मेव्हणा."

भुजंगनं ताटलीत बघितलं.

तेवढ्यात आतून बायका आल्या. चुलीपासून आडापर्यंत घर बघून झालं होतं. पुढं अप्पारावाची विधवा बहीण चतुराबाई, मागं पुंजारामची साळूबाई, सगळ्यात शेवटी द्वारकाबाई. साळूबाईचं तोंड सकाळपासूनच आंबट. तिला आपल्या भावाच्या पोरासाठी चंद्रकला करून घ्यायची होती, ते राह्यलं.

चतुराबाईच्या हातात हळदी-कुंकवाचं ताट होतं. "इहीणबाई, आमच्यात अशी रीत हे. भावजय आहेवपणी गेली. तवा कुठलं बी शुभ काम असू द्या, आधी तिला कुंकू. पोरीच्या आईनं लावायचं. मंग सुपारी."

भुजंग अर्धा उठला. उठून करणार काय होता? परत बसला.

द्वारकाबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला. कुंकवात बोट बुडवलं, फोटोजवळ गेली, हात वर केला. आन हात तसाच राह्यला.

बाहेर रस्त्यानं टेम्पो गेला. भुजंगला तिची पाठ दिसत होती. ती आधी पैठणीच्या काठाकडं बघून राह्यली होती, मंग फुलदाणीकडं. मंग तिची मान थोडी खाली झाली. टेबलावरच्या डाव्या हाताकडं. त्या हाताची करंगळी वाकडी होती. द्वारकाबाई सात वर्षांची असताना जात्याच्या पाळीखाली चेंगरली होती. दुसऱ्या फोटोंत भुजंग ती करंगळी बुरशानं सरळ करायचा. ह्या एकात विसरला होता.

"बघून राह्यल्या ना?" अप्पाराव मागून म्हणला. "सगळे तिच्या हाताकडंच बघतात. तोंड जरा धुरकट आलंय, पण हात बघा, जित्ते हेत. हातच तिचे सगळे."

द्वारकाबाईचं कुंकवाचं बोट अजून हवेतच होतं.

"आता ती करंगळी बघा. वाकडी हे. मला ठाऊकच नव्हतं!" म्हाताऱ्याचा आवाज बारीक झाला. "बावीस वर्षं संसार केला, बाईनं ह्या हातानं मला भाकर वाढली, आन तिची करंगळी वाकडी हे, ते मला फोटोवरून कळलं. कधी चेंगरली, कधी दुखली, इचारलं न्हाई. म्हणून आता रोज सकाळी आंघोळ केली की आधी त्या हाताला हात जोडतो. अकरा वर्षं झाली. तेवढंच राह्यलं ना करायचं."

चतुराबाई काही बोलणार होती. ओठ हलले. तिला भावजयीची करंगळी ठाऊक असणारच. पण ती गप बसली. अकरा वर्षं गप बसली होती, आज काय बोलणार.

द्वारकाबाईनं काचेवर कुंकू लावलं. लावलं ते बराबर कपाळावर. मंग तिचा डावा हात हळूच पदराखाली गेला.

साळूबाईच्या नजरेतून सुई सुटायची न्हाई. तिनं भिंतीकडं बघितलं, जावेच्या पदराकडं बघितलं, परत भिंतीकडं बघितलं. मंग नवऱ्याला डोळ्यानं बाहेर बोलवलं.

गोठ्याच्या आडोशाला चौघं उभे राह्यले. रांजणापाशी द्वारकाबाई बोटाचं कुंकू धुऊन राह्यली होती.

"भुज्या," पुंजारामनं आवाज दाबला, "ही काय सांगून राह्यली? ते धड द्वारकेचं हे?"

"हे."

"आरं!"

"धंद्यात असंच असतं दादा. एक धड लागतं."

"मंग माझं घ्यायचं!"

"बाईचं लागतं ना."

"अन जित्या सवाष्णीला हार!" साळूबाई म्हणली. "उदबत्ती! म्हणूनच हिची कंबर बारा महिने दुखती. म्हणूनच पोरीची ठिकाणं मोडली. आता ह्याच घरात पोरगी द्यायची? रोज उठून आईच्या फोटोला सासूबाई म्हणायची तिनं?"

"बराबर हे," पुंजाराम म्हणला. "बिलकुल न्हाई जमायचं. माझं पोट बिघडलं म्हणतो, उठूया. मंग आठ दिवसांनी निरोप धाडू."

"दादा, पोरीला पोरगा पसंद हे," भुजंग म्हणला. एवढंच म्हणला. जास्ती बोलायचं त्याला तोंडच नव्हतं. दोन रात्री लग्नांत उभा राहून पाय सुजले होते, आता ते पाय बी नको नको म्हणून राह्यले होते.

"पसंद-नापसंद मंग बघू. माझ्या भावाचा पोरगा..." साळूबाईनं सुरू केलं.

"तू चूप. तिला इचार. द्वारके, तू सांग. तू म्हणशील तसं."

द्वारकाबाईनं हात पदराला पुसले. नवऱ्याकडं तिनं अजून बघितलं नव्हतं. ती थोरल्या दिराकडं वळली. डोक्यावरचा पदर सारखा केला, पण बोलली सरळ.

"भाऊजी, डोळे झाका."

"आँ?"

"झाका तर. आन सांगा, अक्काच्या उजव्या हातावर काय गोंदलंय?"

पुंजाराम हसला. डोळे झाकले. "आता हे काय इचारायचं? तीस वर्षं झाली लग्नाला. तुळस हे."

पुंजारामनं एक डोळा उघडला.

"इंचू हे," साळूबाई म्हणली. तिनं बाही वर केली न्हाई. "इंचू हे, आन खाली माझ्या भावाचं नाव हे."

"तेच ते. हिरवंच हे ना?"

"तुम्ही आता बोलूच नका," साळूबाई म्हणली. आन काय झालं कोणास ठाऊक, ती दोन पावलं सरकली आन जावेच्या बाजूला जाऊन उभी राह्यली.

द्वारकाबाई म्हणली, "त्या माणसाला परक्या बाईचे हात दिले, तरी तो अकरा वर्षं ते बघत बसला. त्याला खरे भेटले असते तर त्यानं काय केलं असतं? अशा घरात पोरगी द्यायची न्हाई तर कुठं द्यायची? माझ्या हाताला रोज कोणी हात जोडले, तेच्यानं माझं वाईट व्हायचं न्हाई. वाईट व्हायचं ते दुसऱ्याच कशानं झालंय."

भुजंगनं खाली बघितलं. तिथं शेणाचा पो होता. तो बघत राह्यला.

"मंग त्यास्नी खरं सांगायचं का?" पुंजाराम म्हणला.

"काहून? हात काढून घ्यायचेत का त्यांच्यापासून?"

"अन पोरीला?"

"पोरीला मी सांगीन. आज न्हाई. तिचं एक लेकरू झाल्यावर. तवा तिला समजंल."

साळूबाईनं जावेचा डावा हात पदरातून बाहेर ओढला, करंगळीवर आपला अंगठा फिरवला आन सोडून दिला. "चल," ती म्हणली. "उगं इथं उभं राह्यलो तर त्यास्नी वाटंल आपण गाई-म्हशी मोजून राह्यलो."

सुपारी फुटली. पुंजारामनंच अडकित्ता चालवला. पेढे वाटले. चतुराबाईनं द्वारकाबाईची ओटी भरली तवा दोघी एकमेकींकडं जरा जास्तीच वेळ बघत राह्यल्या, आन चतुराबाई हळूच म्हणली, "इहीणबाई, तुमचं मन मोठं हे." तिला किती कळलं होतं ते तिलाच ठाऊक. तारीख वैशाखातली धरली. अप्पाराव भुजंगच्या गुडघ्याला हात लावून म्हणला, "लग्नाचे फोटो मात्र तुम्ही काढायचे न्हाईत हां. पोरीच्या बापानं हातात क्यामेरा धरला तर आशीर्वाद कोन देईल? जालन्याहून बोलवू कोणाला तरी." सगळे हसले. भुजंग बी हसला.

निघायला चार वाजले. वाटूर फाट्यावर ऊन अजून कडक होतं. पुंजाराम आन साळूबाई पुढं चालत होते, दोघांत पाच हाताचं अंतर. पुंजाराम मधीच थांबून काहीतरी बोलायचा, साळूबाई चालतच राहायची.

चहाच्या टपरीच्या सावलीला भुजंग आन द्वारकाबाई उभे राह्यले. सकाळपासून पह्यल्यांदा दोघंच.

"किती घरं?" तिनं विचारलं.

"मोजली न्हाईत. साठ. सत्तर."

"सगळ्यांच्या करंगळ्या वाकड्या हेत का?"

"न्हाई. मी सरळ करायचो. हीच राह्यली."

तिनं मान हलवली. जालन्याकडून एक ट्रक आला, धूळ उडवून गेला. तिनं पदरानं तोंड झाकलं, धूळ बसल्यावर खाली घेतला.

"घरी गेल्यावर ती फिलीम काढा," ती म्हणली. "उजेड शिरलेली. माझा मला एक फोटो करून द्या. आता झाकायचं काय राह्यलं? टांगू नका पाहिजे तर. मी पेटीत ठेवीन."

भुजंगला वाटलं, आता जीप यावी. जीप आली न्हाई.

"द्वारके, तेच्यावर तोंड न्हाई."

"म्हंजी?"

"खरडलं. ब्लेडनं. दरवेळी तुझ्या केसाची कड वर यायची, जोड दिसायचा. खरडलेली जागा काळी येती. दुसऱ्या बाईच्या केसात मिसळून जाती. धड हे, हात हेत. तोंड न्हाई राह्यलं."

द्वारकाबाई रस्त्याकडं बघत राह्यली. चोवीस वर्षांची असताना आपण कशा दिसायचो, हे बहुतेक ती आठवून बघत असंल. भुजंगनं बी आठवून बघितलं. नाकात मोरणी होती का तवा? त्याला सांगता आलं नसतं. तेच तोंड त्यानं भिंगाखाली धरून, अर्धा दिवस, कडेकडेनं खरडलं होतं.

"खरडताना काही वाटलं का?"

वाटलं म्हणून सांगायला सोपं होतं. जीभ उचलली बी होती.

"न्हाई," तो म्हणला. "घाई होती. गिऱ्हाईक बाहेर बसलं होतं."

"हां," ती म्हणली. "हे खरं बोलले."

काळी-पिवळी आली. आधीच खच्चून भरलेली, दोघं मागं लटकलेले. पुंजारामनं भांडून दोन जागा केल्या, त्यात तो आन साळूबाई कोंबले गेले. ड्रायव्हर म्हणला, "अजून एक बसंल. एकच."

दर वेळी अशा वख्ताला द्वारकाबाई मागं सरायची. "तुम्ही व्हा म्होरं, दुकान उघडायचंय" म्हणायची, आन दुसऱ्या जीपनं एकटी यायची. भुजंगनं सवयीनं क्यामेऱ्याची पिशवी खांद्यावर घेतली, पाय उचलला.

द्वारकाबाई त्याच्या पुढून गेली. ओटीचा नारळ पोटाशी धरला, दांड्याला हात घातला आन वर चढली. ड्रायव्हरच्या शेजारी, काचेम्होरं, आरामात बसली.

"तुम्ही या मागच्यानं," ती म्हणली.

जीप मंठ्याच्या रोडला लागली. भुजंग धुळीत उभा राह्यला. मंग टपरीच्या बाकड्यावर बसला आन चहावाल्याला त्यानं विचारलं, मागची कवा येती.

"भरली की येती," चहावाला म्हणला.